पहाटे चारला उशीची उंची किती? एका उशीबदलाचं प्रकरण

ताईची तक्रार फोनवर एका वाक्यात आटोपली. "झोपताना मान माझी असते, उठताना दुसऱ्या कुणाची तरी असते."

ताई ५२ वर्षांची. तिला झोप लागायला वेळ लागत नाही, आडवी झाली की पाचव्या मिनिटाला गाढ. अडचण पहाटेची. साडेतीन-चारच्या सुमारास जाग यायची ती मान आखडल्यामुळे. डावीकडे, कानामागून खालपर्यंत, थेट खांद्याच्या पात्याला ओढ. मग कूस बदल, उशी दुमडून बघ, तिच्याखाली हात घाल, हाताला मुंग्या आल्या की काढ. सकाळी नाक चोंदलेलं आणि ओळीनं सात-आठ शिंका. त्यात रजोनिवृत्तीचा काळ; रात्रीतून दोन-तीनदा अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं आणि मानेमागचा अभ्रा ओला. असं दीडेक वर्ष चाललं होतं.

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. उशीखालून हात काढल्यावरही टिकणाऱ्या मुंग्या, पकड सैल पडणं, मानदुखीबरोबर ताप किंवा घटतं वजन, यातलं काही नव्हतं. असतं तर हे प्रकरण उशीचं राहिलंच नसतं. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मान मोकळी होई आणि दिवसभर तिची आठवणही नसे. त्यामुळे संशय रात्रीच्या ठेवणीवर होता. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीत घरातल्या धुळीतल्या माइट्सना, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या धूळकिड्यांना, स्पष्ट प्रतिक्रिया आली होती. मानेचे व्यायाम सुरू होऊन दोन महिने झाले होते. ते आहेत तसे चालू ठेवायचे, वाढवायचे नाहीत, असं ठरवलं. उद्या फरक पडला तर श्रेय कुणाचं यावरून वाद नको.

या प्रकरणात मी शिरलो त्याची कारणं दोन. माझं काम तंतूंच्या चाचण्यांचं: किती दबतो, किती ओल धरतो, कधी तुटतो. दुसरं कारण जरा लाजिरवाणं. ज्या उशीवर ताईची मान धरत होती ती पाच वर्षांपूर्वी मीच सुचवलेली. "पॉलिस्टरची घे, हलकी असते, धुता येते," असं फोनवर ठोकून दिलं होतं. ती उताणी झोपते की कुशीवर, एवढंही विचारलं नव्हतं.

या खेपेला तरी विचारलं. ती कुशीवर झोपते, बहुतेक वेळ डाव्या.

भिंत, पट्टी आणि वाळूची पिशवी

"आत काय भरलेलं चांगलं?" ताईचा प्रश्न. सगळे असाच विचारतात, आणि याचं सरळ उत्तर मिळत नाही, कारण मानेला आतलं भरण कळत नाही. तिला उंची कळते. कुशीवर झोपलं की खांदा गादीवर टेकतो आणि डोकं व गादी यांच्यामध्ये पोकळी उरते. उशीनं ती पोकळी भरायची. अपुरी भरली तर डोकं खाली कलतं, जास्त भरली तर वर ढकललं जातं, आणि मान त्या वाकलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहते. उताणं झोपणाऱ्याची पोकळी बरीच लहान, पालथं झोपणाऱ्याची जवळजवळ नसतेच. म्हणून एकाला सोन्यासारखी वाटणारी उशी दुसऱ्याची मान मोडते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

ताईला भिंतीला डावा खांदा टेकवून सरळ उभं केलं. भिंतीपासून गालाच्या हाडापर्यंत अंतर भरलं १४ सेंटिमीटर. मग तिच्या गादीवर कुशीवर झोपवून खांदा किती रुततो ते पाहिलं: साधारण ३.५. उरले साडेदहा. दाजी दाराशी उभे राहून हा सोहळा बघत होते. "अंगरखा शिवणार का उशी?" म्हणाले.

आता हे साडेदहा सेंटिमीटर म्हणजे उशीच्या लेबलवर छापलेली उंची नव्हे. ती मोकळ्या उशीची असते. आपल्याला हवी डोकं ठेवल्यावरची, आणि त्यातही पहाटेची. दुकानात आपण उशी हातानं दाबतो, एखादा फार तर मिनिटभर डोकं टेकवून बघतो. जाग मात्र सहा तासांनी येते. म्हणून घरच्या घरी एक चाचणी लावली. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. १५ सेंटिमीटर व्यासाची लाकडी चकती उशीच्या मधोमध ठेवायची, तिच्यावर पाच किलो वाळूची पिशवी, शेजारी उभी पट्टी. एक माप ठेवल्या-ठेवल्या घ्यायचं, दुसरं आठ तासांनी. याला प्रयोगशाळेचं प्रमाण म्हणता येणार नाही. डोकं चकतीसारखं सपाट नसतं आणि थोडा भार मानेवरही वाटला जातो. दोन उशांची तुलना करायला मात्र एवढं पुरतं.

ताईनं तिच्या बाजूनं रोज सकाळी तीन नोंदी करायच्या: पहाटे जाग आली का, मान दहापैकी किती दुखतेय, शिंका किती. जुन्या उशीवरच्या पहिल्या १४ रात्रींपैकी १२ रात्री जाग, मान सरासरी सहा, शिंका सात-आठ.

जुनी पॉलिस्टर उशी मोजली तेव्हा मी थोडा गप्पच झालो. मोकळी १२ सेंटिमीटर, भार ठेवताच ६.५, आठ तासांनी ५.२. हवी होती त्याच्या बरोबर निम्मी. गंमत अशी की हाताला ती अजून फुगीर लागत होती. चांगल्या पॉलिस्टर उशीतले तंतू पोकळ आणि कुरळे असतात, वर सिलिकॉनचा लेप दिलेला असतो. कुरळेपणा स्प्रिंगचं काम करतो. लेपामुळे तंतू एकमेकांत न अडकता घसरतात आणि दाब काढला की पुन्हा फुगतात. रोजच्या भारानं आणि धुण्यानं कुरळेपणा मोडतो, लेप झिजतो, तंतूंचे गोळे होतात. पण हे घडतं डोकं असतं तिथे. कडा, कोपरे नव्यासारखेच राहतात आणि आपण उशी उचलतो ती कोपऱ्याला धरून. त्यामुळे मधली उशी बसलीय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ताईनं नकळत त्यावर इलाज शोधला होता: खाली एक पातळ कापसाची उशी. दोन्ही मिळून भारासकट ८.४ भरत होती. पण वरची उशी खालचीवरून सरकायची आणि अर्ध्या रात्री डोकं दोघींच्या मधल्या फटीत.

मेमरी फोम, आणि भाच्याचा उत्साह

मी पोचायच्या आत भाच्यानं मेमरी फोमची उशी आणून ठेवलेली. "मामा, नासाचा फोम आहे." खरं आहे, अर्ध्यापर्यंत. १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी तो तयार केला, पण विमानातल्या आसनांच्या गाद्यांसाठी. कुशीवर झोपणाऱ्या माणसाची मान त्यांच्यासमोर नव्हती.

हा फोम तापमानाला बिलगून वागतो. थंड असताना घट्ट, ऊब मिळाली की मऊ, आणि दाब काढल्यावर सावकाश मूळ आकाराला येणारा. चाचणीत मी चकतीखाली कोमट पाण्याची पातळ रबरी पिशवी घातली, दर अर्ध्या तासानं पाणी बदललं आणि पिशवीची जाडी वजा केली. मोकळी उंची १२. भार ठेवताच ९.१. दोन तासांच्या ऊबेनंतर ६.४. म्हणजे रात्री दहाला ही एक उशी असते आणि मध्यरात्रीनंतर दुसरीच. याहून घट्ट, जास्त घनतेचा मेमरी फोम मिळतो आणि तो एवढा बसणार नाही, हे मान्य. पण ताईनं तिसऱ्याच रात्री उशी बाजूला टाकली ती उंचीमुळे नव्हे. फोम डोक्याला चहूकडून बिलगतो, मधून हवा खेळत नाही, आणि वाफा निघत असताना तेच नकोसं होतं. "कूस बदलायची तर आधी हिची परवानगी काढावी लागते," असंही ती म्हणाली. वरच्या बाजूला गारवा देणारा जेलचा थर होता. जेल सुरुवातीला त्वचेची उष्णता ओढून घेतं म्हणून गार लागतं. थोड्या वेळात तेच डोक्याइतकं तापतं आणि मग त्याचा उपयोग संपतो.

एक गोष्ट मात्र मी वहीत नोंदवून ठेवली, पुढे ती कामाला आली: या तीन रात्री ताईच्या कानावर अजिबात दाब नव्हता.

उशी वाया गेली नाही. दाजी उताणे झोपतात, त्यांना उकडत नाही, आणि साडेसहाच्या आसपासची उंची त्यांना बरोबर बसली. ते अजून तीच वापरतात.

सावर

पुढची उशी सावरीच्या कापसाची. इथे माझा पक्षपात आहे हे आधीच कबूल करतो. झाडाच्या बोंडातून निघणारा हा तंतू म्हणजे निसर्गानं केलेली पोकळ नळी: भिंत अगदी पातळ, आत हवाच हवा, आणि वरून मेणचट लेप. त्या मेणामुळे पाणी आत शिरत नाही, म्हणून एकेकाळी तो जीवरक्षक जाकिटांत भरत असत. इतका गुळगुळीत आणि ठिसूळ की नुसत्या सावरीचं सूत काढणं फार अवघड. म्हणून त्याच्या वाट्याला उशा-गाद्याच आल्या.

पहिल्या आठवड्यात ताईचा फोन आला, "काल उशी विसरून झोपले." उशीची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही. मोकळी उंची १५, भार ठेवताच ९.६, आठ तासांनी ८.७. हलकी, गार, कानाला मऊ. मानेचा आकडा सहावरून तीनवर.

तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा पाचवर गेला. मोजलं तर मोकळी उंची १२ वर आलेली आणि आठ तासांनंतरची ६.३. सावरीच्या तंतूला कुरळेपणा नसतो, त्यामुळे परत उसळायला स्प्रिंगच नाही. नळ्या चपट्या होतात, काही मोडतात, मोडलेल्यांचा बारीक भुगा होतो. खोळीचं कापड विरळ विणीचं होतं. त्यातून हा भुगा बाहेर यायला लागला आणि शिंका सात-आठवरून बाराकडे गेल्या. उन्हात टाकून, हातानं विंचरून उशी फुलवली. दोन दिवस ८.१ मिळाले आणि पुन्हा घसरण. ज्याला दर आठवड्याला उशी उसवायला, विंचरायला, शिवायला आवडतं त्यानं सावर जरूर घ्यावी. ताईला नोकरी आहे. (सावर चटकन पेट घेते, हेही जाता जाता.)

साध्या कापसाची उंची मी मोजलीच नाही. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४. घामाच्या माणसाला कापूस सुखाचा वाटतो तो यामुळे. पण हीच ओल आणि वरचा भार मिळून तो गच्च बसवतात आणि पुन्हा पिंजल्याशिवाय तो उठत नाही. म्हणून निर्णय सोपा झाला: कापूस अभ्र्यात, भरणात नको. पिसांची उशीही बाद केली. ऑस्ट्रेलियात सुझन गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी कुशीवर झोपणाऱ्यांना वेगवेगळ्या उशा देऊन पाहिलं आणि २००९-१० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात पिसांची उशी सर्वांत मागे पडली आणि उठतानाच्या डोकेदुखीच्या, खांदा-हात दुखण्याच्या बाबतीत लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, पुढे राहिलं. विशेष म्हणजे मानेच्या आकाराची वळणदार फोम उशी साध्या फोम उशीहून सरस ठरली नाही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं विषय बदलला.

कुट्टू या धान्याच्या टरफलांच्या उशीवर ताई दोन रात्री झोपली. जपानमध्ये ही उशी रूढ आहे आणि उंचीच्या बाबतीत तिच्यासारखी प्रामाणिक दुसरी नाही: १०.५ ला बसवली, सकाळी १०.४. टरफलं दबत नाहीत, फक्त सरकतात, आणि मधून हवा खेळते. पण कानाला लागून आवाज. "रात्रभर कुणीतरी वाळूत फेऱ्या मारतंय." शिवाय कुट्टूची ॲलर्जी असू शकते, आणि टरफलं झिजून त्यांची धूळ होते. ज्याचं नाक आधीच चिडलेलं त्याला मी आग्रह करणार नाही.

लेटेक्स: मान सुटली, कान सापडला

रबराच्या चिकाचा फेस करून साच्यात घट्ट केला की लेटेक्स फोम तयार होतो. उशीत वरून खालपर्यंत बारीक भोकं ठेवलेली असतात. दाब काढताच तो लगेच उसळतो, मेमरी फोमच्या नेमकं उलट, आणि खोलीच्या तापमानाला फारसं जुमानत नाही. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी कधी खाज, गांधी उठल्या का ते ताईला आधी विचारलं, नव्हत्या. उठत असतील तर हा रस्ता डॉक्टरांना विचारूनच धरायचा.

मोजमाप बघून मला वाटलं, प्रकरण मिटलं. मोकळी १३, भार ठेवताच १०.२, आठ तासांनी १०.०. तीन आठवड्यांनंतरही ९.९. पहिल्या चार रात्रींत मान एकवर आली. दीड वर्षात प्रथमच.

पाचव्या सकाळी फोन. "मान सुटली, पण कान सापडलाय." डावा कान लाल, दाबून दुखणारा. कडक उशी उंची टिकवते ती भाराला विरोध करून, आणि तो विरोध सगळ्यांत आधी पुढे आलेल्या भागाला सोसावा लागतो. कुशीवर झोपणाऱ्याचा पुढे आलेला भाग म्हणजे कान.

इथपर्यंत आल्यावर प्रश्न काय आहे ते मला नीट दिसलं. आधीच्या सगळ्या उशा त्यासाठी खर्ची पडल्या म्हणायला हरकत नाही. ताईला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जात होत्या. एकंदर उंची ढळायला नको, पण कानाखाली तेवढ्यापुरता खड्डा पडायला हवा. मेमरी फोम खड्डा देत होता, उंची राखत नव्हता. लेटेक्सचा अखंड ठोकळा उंची राखत होता, खड्डा देत नव्हता. सावर दोन्ही देत होती, दोन आठवडे.

त्यात आणखी एक घोळ झाला, आणि तो माझ्याच घरी. ताई आठ दिवस राहायला आली, लेटेक्सची उशी बरोबर घेऊन. दुसऱ्याच सकाळी मान पुन्हा धरलेली, पण या वेळी उजवीकडे. मी दोन दिवस लेटेक्सला नावं ठेवली, बसलं असेल म्हणून पुन्हा मोजलं: तेच १०.०. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला आणि पट्टी घेऊन गादी मोजली. माझी गादी मऊ. तिच्यात ताईचा खांदा ६ सेंटिमीटर रुतत होता. १४ वजा ६, म्हणजे पोकळी फक्त आठची, आणि तिच्यात आम्ही दहाची उशी कोंबली होती. डोकं वर ढकललं जाऊन वरच्या बाजूची मान आखडत होती. उशी तीच, माणूस तोच, दुखरी बाजू मात्र बदललेली. पाच वर्षांपूर्वी कूस विचारायची राहिली होती. या खेपेला गादी विसरलो.

तुकडे

शेवटी निवडली ती लेटेक्सच्या तुकड्यांची उशी. तेच भरण, पण बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खोळीत भरलेलं, आणि खोळीला चेन. तुकडे एकेकटे उसळी राखतात, म्हणून उंची टिकते. एकत्र मात्र ते थोडे इकडे-तिकडे सरकतात, म्हणून कानाखाली खोलगा होतो. मधून हवा जाते. आणि चेन असल्यामुळे उंची दुकानदारानं ठरवलेली राहत नाही.

नवी उशी ठासून भरलेली होती: मोकळी १६, आठ तासांनी १२.१. एकेक मूठ काढत, दर रात्री मोजत आम्ही खाली आलो. पाचव्या दिवशी १०.६ मिळाले तेव्हा बाहेर काढलेले तुकडे वजनात ४८० ग्रॅम झाले. ते ताईला टाकून द्यायचे होते. मी पिशवीत बांधून ठेवायला लावले.

त्रास नाहीत असं नाही. उशी जड आहे. पहिले दहा-बारा दिवस रबराचा वास होता, तो वाऱ्यावर ठेवून गेला. रोज सकाळी दोन्ही बाजूंनी धरून झटकावी लागते, नाहीतर तुकडे टोकांना जमतात. यंत्रात धुता येत नाही. आणि ऊन दाखवायचं नाही, यावरून ताईशी माझं बऱ्यापैकी वाजलं, कारण अंथरूण-पांघरूण उन्हात टाकणं तिच्या हाताला लागलेलं. सावरीला, कापसाला ऊन हवंच. लेटेक्स मात्र उन्हानं पिवळं पडतं, कडक होतं आणि भुसभुशीत होऊन गळायला लागतं. सावलीत वारा, एवढंच.

नाकाचं काय

मान जितकी सरळ हिशेबात बसली तितकं नाक बसलं नाही.

पिसांच्या उशीत माइट्स जास्त, कृत्रिम तंतूच्या उशीत कमी, हा समज जुना. १९९० च्या दशकातल्या मोजण्यांत उलटंच आढळलं: पॉलिस्टरच्या उशांमध्ये माइटचं ॲलर्जीकारक प्रथिन पिसांच्या उशांपेक्षा जास्त. कारण बहुधा खोळीत होतं. पिसं टोचून बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशांचं कापड घट्ट विणीचं असतं. पॉलिस्टरला तशी गरज नसल्यानं ते विरळ. म्हणजे भरणाला बोल लावला जात होता आणि काम कापड करत होतं. मँचेस्टर विद्यापीठात ॲश्ली वुडकॉक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दीड ते वीस वर्षं वापरलेल्या उशा तपासल्या तेव्हा पिसांच्या आणि कृत्रिम, दोन्ही प्रकारांत बुरशी सापडली. उशी पाच वर्षं धुवून-धुवून वापरली याचा ताईला अभिमान होता. मी तो फार काळ टिकू दिला नाही.

"लेटेक्समध्ये माइट होतच नाहीत," असं विक्रेत्यानं तिला सांगितलं होतं. माइट्सना लागते त्वचेची गळलेली खपली आणि ओल, आणि या दोन्ही गोष्टी डोक्यालगतच्या कापडात जमतात, आत काहीही भरलेलं असो. म्हणून तुकड्यांच्या खोळीवर घट्ट विणीचं, चेन असलेलं आवरण चढवलं. कापडाची छिद्रं १० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून) लहान असली की माइट आणि त्यांची विष्ठा, म्हणजे शिंका आणणारा खरा पदार्थ, दोन्ही अडतात. त्यावर सुती अभ्रा, आणि तो दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात. कोमट पाण्यानं ॲलर्जीकारक प्रथिन बरंचसं निघून जातं, पण माइट्स मरायला ५५ ते ६० अंश लागतात.

शिंका बारावरून चार-पाचवर आल्या आणि तिथेच अडल्या. चौथ्या महिन्यात गादीलाही तसंच आवरण घातलं, मग दोन-तीन. शून्य नाही. उशी नाकापासून सगळ्यांत जवळ म्हणून पहिला संशय तिच्यावर घेणं ठीक आहे, पण गादी, पांघरूण, पडदे यांची सगळी बाकी तिच्या नावावर मांडू नये, असं मला आता वाटतं.

सात महिन्यांनी

तुकड्यांच्या उशीवरच्या नोंदवलेल्या १४ रात्रींत जाग आली तीनदा. त्यातल्या दोनदा वाफांमुळे. त्यावर उशी काय करणार? सुती अभ्र्यानं घाम टिपला जातो आणि डोक्याखालून हवा जाते, त्यामुळे पुन्हा झोप लवकर लागते एवढंच ताईचं म्हणणं. मान एक ते दोन. कान ठीक. व्यायाम अजून चालू आहेत आणि त्यांचा वाटा मी नाकारत नाही, पण जुन्या उशीवर दोन महिने केलेल्या त्याच व्यायामांनी पहाटेची जाग गेली नव्हती.

सातव्या महिन्यात मान पुन्हा किंचित कुरकुरायला लागली. या वेळी ताईनं मला फोन केला तो मोजून झाल्यावर: वाळूची पिशवी, चकती, पट्टी, आठ तास. ९.७. तुकडे थोडे मुरले होते. तिनं कपाटातली पिशवी काढली, दोन-अडीच मुठी आत भरल्या, पुन्हा मोजलं, १०.५. भरलेले तुकडे ९० ग्रॅम. उरलेले ३९० ग्रॅम परत कपाटात गेले आणि पिशवीवर तिनं मार्करनं लिहून ठेवलंय: "१०.५. गादी बदलल्यास खांदा पुन्हा मोजणे."